ब्रेकताईची उजवी नडगी

ब्रेकताई कधी कुणावर ओरडली नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे माझाच आवाज जास्त ऐकू येणार आहे. माझा स्वभावच तसा. नवरा म्हणतो, तू नुसतं 'मीठ दे' म्हणालीस तरी समोरच्याला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. असो. मी चष्म्याच्या दुकानात डोळ्यांचे नंबर काढते, वय वर्षं चव्वेचाळीस, आणि रविवारी सकाळी पळते. पळते म्हणजे काय, धापा टाकत पुढे सरकते. पण मला बोलायचंय ते तिच्याबद्दल.

ती ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायची. बावीस वर्षं. त्याआधी सात वर्षं तिथेच टेबलावर बसून फॉर्म भरत होती. एके दिवशी शिकवणारा माणूस आलाच नाही आणि एका नर्सची दुसऱ्या दिवशी परीक्षा. मालक डोक्याला हात लावून बसलेले. ही पेनाचं टोपण लावत म्हणाली, "मी बसू का शेजारी?" स्वतःला गाडी उत्तम येत होती, आणि खिडकीतून ऐकून ऐकून सगळा धडा तोंडपाठ झाला होता. नर्स पास झाली. पुढच्या आठवड्यात नर्सच्या दोन मैत्रिणी आल्या, त्यांनी मालकांना सांगितलं, आम्हाला त्या फॉर्मवाल्या बाईच हव्यात. मग ती टेबलावरून उठली ती उठलीच.

शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा गडबडला की शिकवणाऱ्यानं तो दाबायचा. ब्रेकताईचा उजवा पाय त्या ब्रेकच्या वर, बोटभर अंतरावर, दिवसभर हवेत असायचा. टेकवायचा नाही, कारण टेकवला तर शिकणाऱ्याला गाडी अडखळल्यासारखी वाटते. उचलायचाही नाही, कारण मग उशीर होतो. करून बघा कधीतरी, खुर्चीत बसून. मी करून बघितलं, चार मिनिटांत मांडी थरथरायला लागली. ही आठ-आठ तास ठेवायची आणि वर तोंडानं गप्पा चालू. कुणीतरी तिला ब्रेकताई म्हणायला लागलं आणि मग घरच्यांशिवाय कुणालाच तिचं खरं नाव आठवेनासं झालं.

मीही तिच्याकडेच शिकले. पहिल्याच आठवड्यात एका वळणावर सायकलवाला आडवा आला. माझा पाय हलायच्या आधी गाडी थांबली होती. मी खिडकीतून त्याची सात पिढ्यांची चौकशी केली आणि मग शेजारी बघितलं, तर ही शांतपणे समोर बघतेय. म्हणाली, "आता सांगा, आपण का थांबलो?"

"कारण तो आंधळा आहे!"

"नाही. परत सांगा."

तीन वेळा सांगायला लावलं. तिसऱ्यांदा मी कबूल केलं की मी आरशात माझे केस बघत होते. "बरोबर," ती म्हणाली. "चला, पहिला गिअर." बास. ना टोमणा, ना उपदेश. तुम्हाला कसं कळलं हो, मी विचारलं, तर म्हणाली, "मला नाही कळत. पायाला कळतं. डोळ्यांच्या आधी कळतं त्याला." हे ती मिरवून सांगत नव्हती. एखादीनं आपल्याला पोळ्या गोल येतात म्हणून सांगावं, तसं सांगितलं.

पन्नाशी उलटल्यावर ती आमच्यात पळायला आली. आमच्या टोळक्याचं नाव दमछाक मंडळ. बेकरीवाला आहे, एक फिजिओथेरपिस्ट मुलगी आहे, एक निवृत्त पोस्टमन आहेत, आणखी दहा-बारा जण, आणि कप्तान मी. कप्तान का, तर बाकी कुणाला शिट्टी वाजवायची लाज वाटते. तिला मी विचारलं, आत्ताच कसं काय सुचलं? ती म्हणाली, "बावीस वर्षं गाडी दुसऱ्याच्या हातात गं. कुठं वळायचं ते त्यानं ठरवायचं, मी नुसतं थांबवायचं. एकदा वाटलं, आपण आपलं जाऊन बघावं." आणि पळायची पण काय! पाऊल कधी पडलं ते कळायचं नाही. सहा महिन्यांत तिनं बेकरीवाल्याला मागे टाकलं. तो बिचारा म्हणाला, माझ्या अंगात पाव आहे, हिच्या अंगात पेट्रोल. एकत्र घाम गाळला की 'अहो-जाहो' आपोआप गळून पडतं. ती माझी ताई झाली आणि मी तिची कप्तान.

आता आमच्या मंडळातली एक पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्यावरच फिरलंय. पळायच्या आधी आम्ही गोल करून उभे राहतो आणि प्रत्येकजण एक आकडा सांगतो. कुठं काही दुखत असेल तर शून्य ते दहापैकी किती. ही पद्धत फिजिओनं आणली. तिच्या हिशोबानं तीन म्हणजे दुखतंय पण चाल बदललेली नाही, पाच म्हणजे लंगडायला होतंय, दहा म्हणजे उभंच राहता येत नाही. चार किंवा वर आकडा गेला की त्यानं मुकाट्यानं घरी जायचं. वाद घालायचा नाही, आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे दुसऱ्याचा आकडा दुसऱ्यानं सांगायचा नाही, सुचवायचा नाही, त्याला हसायचं नाही. फिजिओ एरवी फार गोड मुलगी आहे, पण या बाबतीत खवीस. आणखी एक तिनं बजावलेलं, की हाड रात्री झोपेत दुखलं तर आकडा काहीही असो, पळायचं नाही, तिच्याकडे यायचं. ब्रेकताई आमच्यात उशिरा आली. आकडा सांगायचा एवढं तिला कळलं होतं, पण पाच म्हणजे काय नि दहा म्हणजे काय, हे तिला कुणी बसून समजावलं नव्हतं. ते काम कप्तानाचं होतं.

दरवर्षी पुलापलीकडच्या मंडळाशी आमची शर्यत असते. दोस्ती दौड म्हणे! चार जणांनी मिळून पळायचं, प्रत्येकानं तळ्याला एक चक्कर मारायची आणि हातातला लाल रुमाल पुढच्याला द्यायचा. जिंकणाऱ्याला एक पोचे पडलेला जग मिळतो, ज्यात पाणीसुद्धा धड राहत नाही. सगळे म्हणतात, अगं गंमत आहे, जिंकलो काय नि हरलो काय. मी पण म्हणायचे. खोटं. गेल्या वर्षी अकरा सेकंदांनी आम्ही हरलो ते माझ्यामुळे, शेवटच्या वळणावर माझ्या पोटरीत गोळा आला होता, आणि पलीकडच्या कप्तानानं मला पाण्याची बाटली देताना 'होतं असं या वयात' म्हटलं होतं. या वयात! तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा आहे मेला. वर्षभर ते वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं होतं.

आणि शर्यतीचा एक नियम असा, की चौघांत एकजण तरी पन्नाशीपुढचा हवा. आमच्याकडे असे दोनच. पोस्टमनांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. म्हणजे राहिली ब्रेकताई. ती नसेल तर आमचा संघच नाही.

शर्यतीला पाच आठवडे होते. पुलाच्या चढावर सराव करून आम्ही नळावर बाटल्या भरत होतो. बाकीचे पुढे गेले होते. ती माझ्याजवळ आली. "कप्तान, एक विचारू? हसू नकोस."

"बोल की."

"माझी उजवी नडगी दुखतेय. जिना उतरताना दुखते, रात्री कूस बदलली तरी जाग येते. मला विचारशील तर सहा. पण सगळे एक नाहीतर दोन म्हणतात, मी एकदम सहा म्हटलं तर नाटकी वाटायचं. हे दहा म्हणजे नेमकं किती धरायचं गं?"

मला त्या क्षणी सगळं कळलं. रात्री जाग येते, हे ऐकलं तेव्हाच कळलं. नडगीच्या हाडाला बारीक चीर पडते तेव्हा असंच होतं, फिजिओनं चित्र काढून दाखवलेलं मला अजून आठवतं. तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. मला ठाऊक होतं. आणि मला तो पलीकडचा कप्तान दिसला, बाटली पुढे करणारा.

मी म्हणाले, "तुझी दोन बाळंतपणं झाली ना?"

"हो. धाकट्याच्या वेळी तर दीड दिवस."

"मग ते दहा धर. त्याच्या मानानं बघ हे किती."

ती खरंच विचार करत उभी राहिली. डोळे मिटून. तिला खोटं सांगायचं नव्हतंच, तिला मोजपट्टी हवी होती. मग हसली, सुटल्यासारखी. "अगं, मग दोनच. उगीच बाऊ केला मी." आणि बाटलीचं झाकण लावून चालायला लागली.

आता माझा धंदा बघा. दुकानात समोर गिऱ्हाईक बसतं, मी काचा बदलते आणि विचारते, पहिली बरी का दुसरी? आणि मग गप्प बसते. मान हलवत नाही, भुवई उचलत नाही. नवीन मुली कामाला येतात त्यांना मी पहिल्या दिवशी सांगते, गिऱ्हाईकाच्या तोंडात उत्तर घालाल तर याद राखा, चष्मा चुकेल आणि ते माणूस जिन्यावरून पडेल. अठरा वर्षांत मी एकाही गिऱ्हाईकाला उत्तर सुचवलेलं नाही. जिला ताई म्हणायचे, तिला सुचवलं.

पुढचे पाच रविवार ती गोलात उभी राहून स्वच्छ आवाजात 'दोन' म्हणायची. एकदा फिजिओनं विचारलं, ताई, पाय जरा जपून टाकताय का? मीच मध्ये पडले, "अगं, नवे बूट आहेत तिचे." बूट नवे होते, हे खरं होतं. खोटं बोलायला असं खरं फार सोयीचं पडतं. घरी जाऊन मी स्वतःला सांगायचे, ती मोठी बाई आहे, तिला जास्त झालं तर बोलेल. आणि दुसरं मन म्हणायचं, बोलली होती की. तुलाच बोलली होती.

शर्यतीच्या दिवशी बेकरीवाला पहिला, फिजिओ दुसरी, ब्रेकताई तिसरी आणि मी शेवटची. बेकरीवाल्यानं नेहमीप्रमाणे मागे पाडलं, फिजिओनं थोडं भरून काढलं, आणि ब्रेकताईनं तर कमाल केली. तळ्याच्या पलीकडच्या काठानं ती पुढे निघालेली मला दिसत होती, पुलापलीकडच्या मंडळाचा माणूस तिच्या मागे ठिपक्याएवढा. मी नाचत होते. मग ती पाण्याच्या टाकीमागे गेली आणि टाकीच्या या बाजूनं बाहेर आली तेव्हा तिची चाल वेगळीच होती. ती लंगडी घालत होती. उजवा पाय हवेत, हात कुंपणाच्या लोखंडी नळीवर, आणि डाव्या पायावर उडी, उडी, उडी.

बघणाऱ्यांपैकी दोन माणसं तिला धरायला धावली. कुणी आधार दिला तर संघ बाद होतो. आणि मी ओरडले. शिट्टी वाजवून कमावलेला माझा आवाज, तळ्याच्या पलीकडे गेला असेल. "हात लावू नका तिला!"

ती माणसं थबकली. ताई दोनशे पावलं तशीच आली. तोंड पांढरंफटक, खालचा ओठ दातात. रुमाल माझ्या हातात देताना तिची बोटं बर्फासारखी होती. "जा," एवढंच म्हणाली आणि जमिनीवर बसली.

मी गेले.

थांबले नाही हो मी. वळून बघितलंसुद्धा नाही. आयुष्यात इतकी जोरात कधी पळाले नव्हते. चक्कर पूर्ण करून दोन्ही हात वर करून आले, आणि टाळ्या वाजवायला कुणीच नव्हतं, कारण सगळे तिच्याभोवती होते आणि दवाखान्याची गाडी आली होती. जग तेवढा कुणीतरी माझ्या हातात दिला. घरी नेऊन मी तो माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे टाकला.

डॉक्टर म्हणाले, हाडाला महिना-दीड महिना चीर होती, तशीच पळत राहिल्यानं शेवटी तुटलं. आत सळई घालावी लागली. पाच महिने तरी गाडी नाही, ब्रेक नाही, आणि त्यानंतरही पायात पहिल्यासारखी चपळाई येईल का, ते तेव्हा बघू. दवाखान्याच्या बाकावर तिचा नवरा बसला होता. तो वीजमीटर वाचायला घरोघर जातो, मितभाषी माणूस. त्यानं माझे हात धरले. "तुम्ही होतात म्हणून तिला धीर आला," म्हणाला. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. घेतली नाही. मी त्यांना चहा आणून दिला.

त्यानंतर दर बुधवारी मी तिच्याकडे जायला लागले. दुकानाला अर्धा दिवस सुट्टी असते. तिचे केस धुतले, पडद्यांना हुक लावले, तिच्या वाचायच्या चष्म्याची दांडी बदलली, नवऱ्याचा पण चष्मा बदलून टाकला, त्याला नको असताना. जिना चढताना प्रत्येक वेळी वाक्य घोकायचे: ताई, मी तुला खोटी मोजपट्टी दिली. दारात ती कुबडी टेकत यायची, "आली का माझी कप्तान!" म्हणायची. मग मी आणखी एक काम शोधायचे. एकदा तर मी तिचा स्वच्छ असलेला गॅस पुसला.

मंडळात विषय निघालाच. फिजिओ कपाळाला हात लावून म्हणाली, "त्या दोन कशा म्हणत होत्या, मला समजतच नाही. अशी चीर असताना माणूस किंचाळतो." बेकरीवाला म्हणाला, "सहनशक्ती दांडगी बाईची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. वर म्हणाले, "हो ना, कमालच आहे." जीभ झडली नाही माझी.

आणि ब्रेकताई? ती स्वतःलाच बोल लावायची. आधी हसत हसत, "काय बाई मी, माझ्या अंगाचं मलाच कळेना!" मग हसणं कमी झालं. एकदा खिडकीशी बसून म्हणाली, "बावीस वर्षं मला वाटायचं, या पायाला सगळं कळतं. आणि त्याचं स्वतःचं हाड मोडत होतं, तर मी दोन म्हणत होते." मी म्हणाले, असू दे गं, होतं असं. होतं असं! तेच पलीकडच्या कप्तानाचं वाक्य, माझ्या तोंडून.

मी मनाशी एक सोय करून ठेवली होती. पाय बरा होईल, ती परत गाडीत बसेल, सगळं होतं तसं होईल, मग सांगायची गरजच काय? मालकांनी तिची जागा धरून ठेवली होती. बाकीच्या दोन शिकवणाऱ्यांकडून दुप्पट काम करून घेत होते, पण सीट कुणाला दिली नव्हती. दुसऱ्या गावचा एक शिकवणारा तीन महिने रोज फोन करत होता, त्याला सांगत होते, आमच्या ताई येणार आहेत. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी पाय तपासला, फोटो बघितला आणि सांगितलं, उत्तम जुळलंय, सोमवारपासून गाडीत बसा. गेल्या बुधवारी तिनंच मला ही बातमी दिली. मला इतका आनंद झाला की मी तिला मिठी मारली. तिच्यासाठी झाला, हे खरं. माझ्यासाठीही झाला, सुटले म्हणून.

या बुधवारी मी फुलं घेऊन गेले. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होती, कुबडीशिवाय. मी म्हणाले, "काय मग, किती जणांना वाचवलंस सोमवारपासून?"

"कुणाला नाही," ती म्हणाली. "मी सोडलं काम."

मला वाटलं चेष्टा करतेय. ती दूध गॅसवर ठेवत राहिली. मग सांगितलं. सोमवारी सकाळी ती गाडीत बसली होती. शिकायला एक शाळामास्तर होते, साधा माणूस, हळू चालवणारा. तिनं पाय ब्रेकवर धरला. पाय दुखत नव्हता, थरथरत नव्हता, सगळं ठीक होतं. पण पहिल्या चौकात तिनं उगीचच ब्रेक दाबला. दुसऱ्या चौकात पुन्हा. मास्तरांनी विचारलं, आपण का थांबलो? आणि तिला उत्तर देता आलं नाही.

"माझा भरवसाच उडालाय गं पायावरचा," ती म्हणाली. "हाड मोडेस्तोवर मी दोन म्हणत होते. म्हणजे पाय सांगतो ते मला चुकीचंच ऐकू येतं की नाही? मग उद्या पोर आडवं आलं आणि मला नाही कळलं तर? संध्याकाळी मालकांकडे गेले, म्हटलं, तुमचा तो माणूस बोलवून घ्या. त्यांनी खूप समजावलं. मी ऐकलं नाही."

माझ्या हातातली फुलं मी ओट्यावर ठेवली. आणि पाच महिने घोकलेलं वाक्य आलंच नाही, भलतंच तोंडातून आलं. "तू सहा म्हणाली होतीस."

"काय?"

"नळावर. तू मला सहा म्हणालीस. बाळंतपणाचं दहा धर, हे मी सांगितलं. तसं नसतं ताई. दहा म्हणजे उभं राहता येत नाही, पाच म्हणजे लंगडणं. तुझं सहाच होतं. मला माहीत होतं."

"तेव्हाच माहीत होतं?"

"तेव्हाच. तू रात्री जाग येते म्हणालीस ना, तेव्हाच."

दूध वर आलं. तिनं गॅस बंद केला. मला वाटलं, आता ती पहिल्यांदा ओरडेल, आणि देवाशपथ, ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "परत सांग."

मी परत सांगितलं.

"नाही. मी किती म्हणाले होते, ते सांग."

"सहा."

तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्यासाठी नव्हतं ते, रागाचंही नव्हतं. "म्हणजे मला कळलं होतं," ती म्हणाली. "बरोबर कळलं होतं मला." पदरानं तोंड पुसलं, चपला घातल्या आणि दार उघडलं. "चल. मालकांसमोर सांग."

ड्रायव्हिंग स्कूल तीन गल्ल्या पलीकडे. ती पुढे चालत होती, किंचित ओढत, पण भराभर, मी मागे. वाटेत तिच्या दोन जुन्या विद्यार्थ्यांनी गाडीतून हात केला, तिचं लक्षच नव्हतं. ऑफिसात मालक होते, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, बाकावर फॉर्म भरणाऱ्या दोन मुली, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बशीत चहा ओतत बसलेला. गाडीच्या किल्ल्या त्याच्या गुडघ्यावर होत्या. तो सकाळीच रुजू झाला होता. बायको-मुलांसह सामान घेऊन आला होता, मागच्या गल्लीत खोली घेतली होती.

मी सगळं सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण हळू मला येत नाही. पन्नाशीचा नियम, नळ, बाळंतपण, नवे बूट, सगळं. मालकांनी विचारलं, "पण का?" मी म्हणाले, "मला हरायचं नव्हतं." बाकावरच्या मुली माझ्याकडे बघत राहिल्या. नव्या माणसानं बशी खाली ठेवली आणि किल्ल्या हातात घेऊन उभा राहिला, द्यायच्या की ठेवायच्या ते न कळून.

मालकांनी टेबलावरचा कागद सरळ केला. मग म्हणाले, "सोमवारी संध्याकाळपर्यंत जागा होती, बाई. आता मी या माणसाला काय सांगू?"

"काही सांगू नका," ब्रेकताई म्हणाली. "त्याचा काय दोष." मग त्या माणसाकडे वळून, "बसा तुम्ही. चहा गार होईल." तिनं टेबलापलीकडची रिकामी खुर्ची बघितली, फॉर्मचा गठ्ठा जिच्यासमोर होता ती. "फॉर्म भरायला कुणी आहे का सध्या?"

मालक मान खाली घालून नाही म्हणाले. ती तिथे जाऊन बसली. एका मुलीचा फॉर्म ओढून घेतला, पेनाचं टोपण काढलं. मी तशीच उभी. मला काहीतरी बोलायचं होतं, माफ कर म्हणायचं होतं, पण तो शब्द इतका लहान वाटला की तोंडातून काढवेना.

तिनं मान वर केली. आवाज नेहमीसारखाच, वळणावर सायकलवाला आडवा आला तेव्हा होता तसा.

"गेल्या बुधवारी आली होतीस ना गं. तेव्हा सांगितलं असतंस तर सोमवारी मी काम सोडलं नसतं. दीड तास बसली होतीस तू. काय बोलत होतो आपण दीड तास?"

पुढच्या वर्षीच्या शर्यतीबद्दल. मीच काढला होता विषय.